तेवीस नंबरचा दगड

विद्यापीठ एवढंसं होतं की कुलगुरूंना शिंक आली तर ग्रंथालयात पानं उलटायची. पुढच्या फाटकातून आत शिरलेला माणूस जरा बोलण्याच्या नादात असला, तर मागच्या फाटकातून बाहेर पडायचा आणि रस्त्यावर उभा राहून विचारायचा, विद्यापीठ कुठे आलं हो? वनस्पतिशास्त्राकडे झाड एकच. तासाला मुलं त्याच्याखाली बसत, प्रॅक्टिकलला त्याच्यावर. बससुद्धा एकच होती आणि ती इतिहासाचे प्राध्यापक चालवत. निघण्याआधी ती नेहमी थोडी मागे जायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

अशा ठिकाणी एक मुलगी भूगर्भशास्त्र शिकायला आली. तिच्या घरची माणसं वीटभट्टीवर कामाला होती. वडील भट्टी रचायचे, आई विटा थापायची, थोरली बहीण आणि मेहुणे माती मळायचे. दगड शिकायला एवढ्या लांब जायचं कशाला, वाटेत ठेच लागली की आपोआप कळतो, असं वडिलांचं मत. पण आईने परस्पर ट्रंक भरून ठेवली होती, आणि आईने भरलेली ट्रंक रिकामी करण्याची त्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. शेवटी वडील म्हणाले, तीन वर्षं तुझी. चौथं हवं असेल तर ते तिथल्या लोकांनी तुला आपणहून द्यायला हवं, मी देणार नाही. वडील दिल्या शब्दाचे पक्के होते, आणि न दिल्या शब्दाचे त्याहून पक्के.

तिथे आल्यावर आठ दिवसांत माणसाचं नवं बारसं व्हायचं. सगळं विद्यापीठ एकाच लांबलचक टेबलावर जेवायचं, त्यामुळे लपायला जागा नव्हती. या मुलीच्या गळ्यात विभागाने दिलेलं भिंग दोरीने लटकत असे आणि ती ते जेवतानाही काढत नसे. एके दिवशी तिने उकडलेला बटाटा भिंगातून बघितला आणि सांगितलं की हा सोलणारा माणूस डावखुरा आहे. आचारी आतून लाटणं घेऊनच बाहेर आला. लाटणं डाव्या हातात होतं. त्या दिवसापासून ती भिंग झाली, आणि पुढे हजेरीपटावरचं नाव वाचलं की तिलाच क्षणभर वाटायचं, ही कोण?

खोलीत तिच्याबरोबर रेडिओ राहायची. ही मुलगी झोपेतसुद्धा बातम्या द्यायची. कुणाचं कुणाशी जमलं हे त्या दोघांच्या आधी रेडिओला कळत असे. तसं जमायला तिथे वाव कमी होता. विद्यापीठाला पूर्ण फेरी मारायला अकरा मिनिटं लागायची, म्हणून मनातलं बोलायचं असेल तर जोडप्यांना एकाच झाडाजवळून नऊ वेळा जावं लागे, आणि झाडावर वनस्पतिशास्त्राची मुलं बसलेली असत.

भिंगच्या वर्गात सात जण, रेडिओही त्यांतलीच. त्यांतला पहिला नंबरवाला पाठांतर. या मुलाने एकदा चुकून बसचं वेळापत्रक वाचलं होतं, ते त्याला पुढची तीन वर्षं विसरता आलं नाही. स्वभावाने बरा होता, फक्त कुठलीही गोष्ट दोनदा बघायची त्याला गरजच पडत नसे. भिंगची गाडी उलटी. तिला कुठलीही गोष्ट चार वेळा बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

आणि होते मामा.

मामा प्रयोगशाळेचे. सरकारी कागदावर त्यांचं पद काहीतरी वेगळंच होतं, पण सात मुलांचे, विभागप्रमुखांचे आणि विभागप्रमुखांच्या बायकोचेसुद्धा ते मामाच. चारशे दगड त्यांच्या ताब्यात. प्रत्येकावर पांढरा ठिपका, ठिपक्यावर काळा आकडा, आणि खाली कापसाची गादी. परीक्षेला दर दोन मिनिटांनी लोखंडी पट्टीवर हातोडीचा टोला मारायचा तोही मामांनीच. त्यांच्या टोल्यात सत्तावीस वर्षांत एका सेकंदाची चूक झाली नव्हती. बाजारातला घड्याळजी वर्षातून एकदा, भूगर्भशास्त्राच्या परीक्षेच्या दिवशी, दुकानाचं दार उघडून बसायचा आणि त्या टोल्यावर भिंतीवरचं मोठं घड्याळ लावून घ्यायचा. बाकी गाव त्या घड्याळावर चालायचं.

मामांना दगडांपेक्षा दगडांच्या गोष्टी जास्त येत. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते आधी हात धुवायला लावत, मग तेवीस नंबरच्या दगडासमोर उभे करत. अर्ध्या विटेएवढा, काळानिळा, कुठे काचेसारखा चमकणारा, कुठे फुगे आलेला. वरच्या अंगाला ओळीने चार खळगे. हा फेसाळ लाव्हा, मामा सांगत. ज्यांनी हा विभाग काढला ते मोठे सर ज्वालामुखीच्या तोंडाशी गेले, आत हात घातला आणि हा बाहेर काढला. दगड तेव्हा लोण्यासारखा मऊ होता. ही बघा सरांची बोटं.

गोष्ट दर वर्षी थोडी वाढायची. जुन्या मुलांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या वेळी मोठ्या सरांनी दगड नुसता विकत आणला होता. मग तो डोंगराच्या पायथ्याशी मिळाला, मग शिखरावर. भिंगच्या वेळेपर्यंत सर दोरीने लोंबकळत खाली उतरले होते आणि वर दोरी धरून एक गाढव उभं होतं. त्या बोटांचा मान म्हणून तेवीस नंबरला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असा विभागाचा नियमच झाला होता.

परीक्षेला दगड दर वर्षी तेच पंचवीस. त्यामुळे मुलांनी कधीतरी एक गाणं रचलं होतं, ते मोठी मुलं धाकट्यांना देऊन जात. दगड ओळखायची गरजच नव्हती, दगडावरचे डाग ओळखले की झालं.

एकाला नाक, दोनला डाग,
तिसऱ्याच्या पाठीवर उंदराचा माग...

असं चालत चालत शेवटाकडे यायचं,

तेविसाला बोटं चार,
लाव्हा लिहा नि व्हा पार.

विभागप्रमुखांना हे गाणं माहीत होतं. तेही याच विभागातून पार झाले होते.

तिसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आली तसं भिंगचं जेवण कमी झालं. पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासाला विभागात जागा एकच होती. लेखी परीक्षेत तिचे आणि पाठांतरचे गुण बरोबरीत आले होते. म्हणजे आता ती जागा दगडांच्या ओळख-परीक्षेवर ठरणार. पंचवीस दगड, पंचवीस गुण. पाठांतरला पंचवीस मिळणार हे आचाऱ्यालाही माहीत होतं. भिंगला पंचवीस मिळाले तर दोघांची तोंडी परीक्षा होऊन काहीतरी ठरलं असतं. चोवीस मिळाले तर ट्रंक भरायची. बहिणीने फोनवर सहज सांगितलं होतं, तुझा विटांचा साचा धुऊन ठेवलाय गं, वाळवी लागली होती. बहिणीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या साच्याचं भिंगने दोनदा स्वप्न बघितलं.

बाकीच्या चोवीस दगडांची तिला काळजी नव्हती. ते तिने गाण्याशिवाय, एकेक करून, डाग सोडून बाकी सगळं बघून ओळखले होते. तेविसावरच गाडी अडली होती. कारण अशी काळीनिळी, फुगे आलेली, काचेसारखी ढेकळं तिने लहानपणापासून बघितली होती. भट्टीत आगीच्या तोंडाशी असलेली वीट जास्त भाजते, वितळते, वाकडी होते. तिला खंगर म्हणतात. बांधकामाला ती चालत नाही, खड्डे बुजवायला टाकतात. तिच्या घराच्या दारापुढे पावसाळ्यात पाय ठेवायला असाच ज्वालामुखी पसरलेला असे.

एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर ती मागे राहिली. मामा फडक्याने फळ्या पुसत होते.

"मामा, लाव्हा किती तापलेला असतो हो?"

"लोखंडाला घाम फुटेल एवढा."

"मग मोठ्या सरांची बोटं भाजली नाहीत?"

"सरांनी हातमोजे घातले होते."

भिंगने थोडा वेळ तेविसाकडे बघितलं. "करंगळीच्या टोकाला नखाची खूण आहे, मामा. हातमोज्याला नख असतं?"

मामांनी फडकं झटकलं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा घडी घातली. "पूर्वीच्या हातमोज्यांना असायचं," ते म्हणाले. आणि मग, दाराकडे जाता जाता, "बाळ, काही दगड बघायचे असतात, काही ऐकायचे. हा ऐकायचा आहे."

तिची आई विटा थापत होती आणि मामा नुसतंच थापत होते, एवढं तिला त्या दिवशी कळून चुकलं. पण मामा चेष्टेत बोलत नव्हते, हेही तिने बघितलं. दारात त्यांनी त्या फडक्याची आणखी एकदा घडी घातली.

रात्री खोलीत तिने रेडिओला सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहीना. आणि एक आश्चर्य घडलं: रेडिओने ती बातमी कुणालाच दिली नाही. उलट पलंगावर मांडी घालून तिला समजवायला बसली.

"एक मार्क आहे, बये. लाव्हा लिही आणि मोकळी हो. कुणाचं काय जातंय?"

"वीट आहे ती."

"असू दे की. विटेला वाईट वाटणार आहे का?"

आणि रेडिओने दुसरी गोष्टही सांगितली, जी भिंगला माहीत होती पण कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मामा त्याच महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. निरोपाचा समारंभ ठरला होता, कुलगुरू स्वतः येणार होते, आणि मामांनी शेवटचं एकदा तेविसाची गोष्ट सांगायची असं कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं होतं. अशा वेळी कुणी उठून वीट म्हटलं तर म्हाताऱ्याला तोंड लपवायला जागा राहणार नाही. शिवाय जागाही जाईल ती जाईलच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय बघ तुझं, रेडिओ म्हणाली, आणि बोलता बोलता झोपली. झोपेत तिने हवामान सांगितलं.

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. बाहेरच्या म्हणजे वीस वर्षांपूर्वी इथूनच शिकून गेलेल्या. आता मोठ्या विद्यापीठात होत्या, जिथे म्हणे एका इमारतीतून दुसरीत जायला नकाशा लागतो. इतिहासाच्या बसमधून उतरल्या आणि पहिल्यांदा मामांना भेटल्या. गाढव अजून आहे का गोष्टीत, म्हणून त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, तुमच्या वेळी गाढव नव्हतं बाई, तुम्ही गेल्यावर आलं.

प्रयोगशाळेत एवढं मोठं टेबल नव्हतं, म्हणून दर वर्षीप्रमाणे जेवणाचं लांब टेबल उचलून आणलं होतं. त्या दिवशी बाकीचं विद्यापीठ उभ्याने जेवायचं. टेबलावर पंचवीस कापसाच्या गाद्या, पंचवीस दगड. प्रत्येकाने एकेका दगडापुढे उभं राहायचं, टोला पडला की पुढे सरकायचं. कोपऱ्यात मामा, डाव्या मनगटावर मोठ्या सरांनी दिलेलं घड्याळ, उजव्या हातात हातोडी. खिडकीशी परीक्षक बाई आणि विभागप्रमुख.

टोले पडत गेले. पाठांतर दगडाकडे न बघताच लिहीत होता, ओठ तेवढे हलत होते. भिंग एकेका दगडाला भिंग लावत, वजन करत, ओरखडा बघत पुढे सरकत होती. नऊ, दहा, अकरा. सोळा. वीस. तेविसापाशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की टेबलाची ही रोजची तिची जेवायची जागा. कडेला तिनेच एकदा काट्याने पाडलेला चरा होता.

पहिलं मिनिट तिने नुसतं बघण्यात घालवलं. चार बोटं, नखाची खूण. लाव्हा, दोन अक्षरं. ती लिहायला कितीसा वेळ लागणार होता? तिच्या डोळ्यांपुढे धुतलेला साचा आला. मामांचं फडकं आलं. मग आईचा हात आला, ओली वीट साच्यातून सोडवून उचलणारा, आणि तो काही केल्या जाईना. या खळग्यांतही कुणीतरी अशीच वीट उचलली होती, आणि सत्तावीस वर्षं तो हात दुसऱ्याच्याच नावावर चालला होता.

तिने तेवीस नंबरचा दगड उचलला आणि उलटा केला.

पलीकडे विभागप्रमुख खाकरले. ज्या वस्तूला सत्तावीस वर्षांत मामांच्या फडक्याशिवाय काही लागलं नव्हतं ती वस्तू पोरीच्या हातात होती. खालच्या अंगाला कापूस चिकटलेला होता. तिने तो काढला. आत बोटभर पट्टा, तांबडाभडक, घरच्यासारखा. त्यात मातीत मिसळलेला भुसा जळून गेल्याच्या बारीक रेषा.

ती लिहायला लागली. तिला सवयीने आतून कळत होतं की दोन मिनिटं संपली. आता टोला पडणार, अर्धं वाक्य तसंच राहणार. तिने एक ओळ पुरी केली. टोला पडला नाही. दुसरी ओळ लिहिली. तिने मान वर केली तर मामांनी हातोडी उचललेली होती, डोळे मनगटावरच्या घड्याळावर होते, आणि हात तसाच हवेत होता. बाकीच्या सहा जणांनीही मान वर केली होती. मग एकेकाने विचार केला की मिळतोय वेळ तर घ्यावा, आणि सगळे पुन्हा खाली वाकले. त्या जास्तीच्या वेळात रेडिओने नऊ नंबरवर लिहिलेलं गाण्यातलं उत्तर खोडून स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेलं लिहिलं, तेही निघालं बरोबरच. भिंगने चौथी ओळ संपवून पूर्णविराम दिला. तेव्हा टोला पडला.

दुपारी पाठांतर आणि भिंग, दोघांनाच तोंडी परीक्षेला बोलावलं. पाठांतरला उत्तरपत्रिकेतले पंचवीस गुण होते. भिंगचे चोवीस, आणि एका उत्तराभोवती लाल पेन्सिलीने नुसतं वर्तुळ. टेबलावर तेवीस नंबर ठेवला होता, उलटा.

परीक्षक बाईंनी तिला तिचं उत्तर मोठ्याने वाचायला सांगितलं. भिंगने वाचलं. हा दगड नाही, जास्त भाजून खंगर झालेली वीट आहे. खाली मूळचा तांबडा रंग आणि जळालेल्या भुशाच्या खुणा. वरची बोटं विटा थापणाऱ्या माणसाची, ओली वीट उचलताना उमटलेली. ही वीट भट्टीत आगीच्या तोंडाशी होती.

विभागप्रमुख म्हणाले की उत्तरसूचीत लाव्हा आहे, आणि उत्तरसूची मोठ्या सरांच्या हाताची आहे. बाईंनी दगड सुलटा केला आणि त्या चार खळग्यांत आपली बोटं बसवून बघितली. बसली नाहीत. मग पाठांतरला बघायला सांगितलं. त्याची तर दोनच मावली.

"एवढा लहान हात," बाई म्हणाल्या. "मुलाचा?"

"नाही बाई. भाजताना वीट आकसते. म्हणजे हात याहून थोडा मोठा होता. बाईमाणसाचा असेल." भिंगने टोकाच्या खळग्याला भिंग लावलं. "करंगळीचं नख तुटलेलं आहे. विटा थापणाऱ्यांचं तुटतंच. माझ्या आईचंही तसंच आहे."

मामा चहा घेऊन दारात उभे होते, कधीचे ते कुणाला माहीत नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला. कप हलले नाहीत.

"मूळचा दगड माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "कामाला लागून अकरा दिवस झाले होते. भुगा झाला त्याचा. मागची भिंत बांधायचं काम चाललं होतं, तिथल्या ढिगातून हे उचललं. म्हटलं दोन दिवस ठेवू, धीर आला की सरांना सांगू. तर दुसऱ्याच दिवशी परीक्षा. मुलांनी लाव्हा लिहिलं. मोठ्या सरांनी सगळ्यांना बरोबरच्या खुणा केल्या. आता सरांपेक्षा मी का शहाणा होतो?"

"आणि बोटांचं?" बाईंनी विचारलं.

"ती पुढच्या वर्षी एका पोराने विचारली. काहीतरी सांगायला हवंच होतं."

विभागप्रमुख मनातल्या मनात हिशेब करत होते, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. सत्तावीस वर्षांची मुलं. प्रत्येकाचा एकेक गुण चुकीचा. त्यांत ते स्वतः, त्यात समोरच्या परीक्षक बाई, त्यात कुलगुरूंचे जावई. त्यांनी अगदी हळू विचारलं की आता सगळ्यांना पत्रं पाठवून आपापला एक गुण परत मागायचा की काय.

"माझा एक मी आत्ताच परत करते," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं ती बोटं मी माझ्या मुलांना सांगत आले. दोरीसकट." मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली. भिंगच्या वर्तुळात बरोबरची खूण केली आणि पाठांतरच्या कागदावर पंचवीसचे चोवीस केले.

पाठांतरने कागदाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी गोष्ट दोनदा बघितली. दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावर भिंगशी मीठ मागण्यापुरतंही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी समोर येऊन बसला आणि म्हणाला की त्याला दुसऱ्या गावी जागा मिळते आहे, तिथले दगड वेगळे आहेत आणि तिथलं गाणं त्याला माहीत नाही, तर जायच्या आधी ते भिंग कसं धरतात तेवढं दाखवशील का. तिने दाखवलं. रेडिओने ती बातमी मात्र संध्याकाळच्या आत सगळीकडे पोचवली, आणि झाडाजवळून नऊ फेऱ्या झाल्याचंही पदरचं घातलं.

भिंगने घरी फोन केला तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, त्यांनी आपणहून दिलं ना? ती हो म्हणाली. मग फोन आईने घेतला, आणि कुणाची वीट होती ते कळलं का, असं विचारलं. तेवढं मात्र भिंगला सांगता आलं नाही.

बाहेर ओट्यावर मामा हातोडीचा दांडा घट्ट करत बसले होते. ती शेजारी जाऊन बसली.

"मामा, टोला का थांबवलात?"

"टोला थांबला नव्हता. घड्याळ थांबलं होतं."

"आता तर चालतंय."

"सत्तावीस वर्षं चालतंय बिचारं. मध्येच जरा टेकलं असेल." ते हातोडीकडेच बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "उलटं करून बघायला फार वेळ लावलात गं तुम्ही सगळ्यांनी."

परीक्षेच्या त्या दिवशी बाजारातल्या घड्याळजीने नेहमीप्रमाणे शेवटच्या टोल्यावर मोठं घड्याळ लावून घेतलं होतं. त्यामुळे ते गाव अजून दोन मिनिटं मागे आहे, आणि कुणाचंही काही अडलेलं नाही.

निरोपाच्या समारंभाला कुलगुरू आले. कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं बदलता येत नाही म्हणून मामांना तेविसाची गोष्ट सांगायला उभं केलं. तेवीस नंबर ताज्या कापसावर मांडलेला होता आणि खाली भिंगच्या अक्षरात नवी चिठ्ठी होती, वीट, खंगर, थापणारी बाई, नाव माहीत नाही. विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. भिंग आणि रेडिओ पहिल्या रांगेत होत्या.

मामा आधी पाणी प्यायले. मग त्यांनी सांगितलं की सत्तावीस वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी त्यांना एकांतात बोलावलं, कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, या दगडांत मी एक वीट ठेवतो आहे. ही गोष्ट फक्त तुला आणि मला ठाऊक. कुणी विचारलं तर वाटेल ते सांग, ज्वालामुखी सांग, दोरी सांग, पण कबूल होऊ नकोस. ज्या दिवशी कुणी ती उचलून उलटी करेल त्या दिवशी समज, आपल्या विभागात पहिला विद्यार्थी आला. तोवर वाट बघायची. तर मंडळी, मी वाट बघत होतो.

कुलगुरूंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जावईही वाजवत होते. रेडिओने भिंगला कोपर मारलं आणि कानात विचारलं, यातलं खरं किती गं?

भिंगने गळ्यातलं भिंग उचललं, मामांच्या दिशेने धरलं, नीट बघितलं, आणि खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागली.

"हे ऐकायचं आहे," ती म्हणाली.